जरा उजळ करा ना, ताई

यशोधरा खोब्रागडे रागीट बाई आहे, हे कॅनडातल्या सरे शहराच्या आंबेडकरी मंडळातल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. मीटिंगला कोणी उशिरा आलं की ती बोलायची थांबायची, त्या माणसाला आधी भिंतीवरचं घड्याळ दाखवायची आणि मगच पुढचं वाक्य पूर्ण करायची. नवरा प्रेमानंद बसच्या डेपोत मेकॅनिक, स्वभावाने माठातलं पाणी. तो लोकांना हसत सांगायचा, "आमच्या घरी दोन हीटर आहेत. एक बेसमेंटमध्ये, अन् एक किचनमध्ये फिरून राहते."

पण त्याच बाईचा हात कामाला बसला की मांजराच्या पावलासारखा हलका व्हायचा. बावीस वर्षं ती एका डेंटल लॅबमध्ये दात रंगवत होती. लोकांच्या तोंडात बसायच्या पोर्सेलीनच्या कॅप्स भट्टीतून पांढऱ्याफटक निघतात. शेजारच्या खऱ्या दातांत त्या मिसळून जाव्यात म्हणून कोणीतरी चार केसांच्या ब्रशने त्यांच्यावर पिवळसर, राखाडी, कुठे निळसर छटा चढवायची असते. ते कोणीतरी म्हणजे यशोधरा. नागपुरात इंदोऱ्याला वाढलेली, चित्रकलेचा डिप्लोमा केलेली ही बाई इथे आली तेव्हा लॅबमध्ये साचे ओतायच्या कामावर लागली होती. सहा महिन्यांनी म्हाताऱ्या कोरियन मालकाने तिला जेवणाच्या सुट्टीत पेपर नॅपकिनवर शेजारणीचा चेहरा काढताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात ब्रश दिला. तेव्हापासून भट्टीशेजारचं शेवटचं टेबल तिचं.

रंगाशी तिचं भांडण मात्र त्याहून जुनं. कॉलेजात व्यक्तिचित्राच्या पहिल्या तासाला सरांनी सगळ्यांना एक ट्यूब आणायला सांगितली होती. तिच्यावर लिहिलं होतं 'फ्लेश टिंट', आणि आत होता गुलाबी रंग. समोर मॉडेल म्हणून बसला होता कॉलेजचा शिपाई, उन्हात रापलेला, जांभळाच्या खोडासारखा. यशोधराने उभं राहून विचारलं, "सर, ही कोणाची कातडी आहे?" वर्ग हसला. सरांनी तिला बाहेर काढलं. बाहेर व्हरांड्यात उभ्या उभ्या तिने ठरवलं की असली ट्यूब आयुष्यात विकत घ्यायची नाही, आणि घेतली नाही.

लघुचित्रांकडे ती वळली तीसुद्धा रागानेच. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या न्यू वेस्टमिन्स्टरमध्ये एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. प्रेमानंदला बर्फ उपसायचं फावडं, स्नो शोव्हल, हवं होतं म्हणून दोघं गेले. तिथे काचेच्या पेटीत तळहातापेक्षा लहान, लंबगोल चौकटीतलं एक चित्र होतं. हस्तिदंताच्या पापुद्र्यावर रंगवलेला सात-आठ वर्षांचा राजपुत्र. डोक्यावर पगडी, गळ्यात मोत्यांचे सर, कमरेला खेळण्याएवढी तलवार. मागच्या कागदावर इंग्रजीत फक्त 'तरुण राजा' आणि एकोणिसाव्या शतकातलं एक पुसट साल. मुलाचं नाव नाही, गावाचं नाही.

विक्रीवाली बाई म्हणाली, हस्तिदंत आहे म्हणून हे विकता येणार नाही, पण बघायला हरकत नाही. यशोधराने पर्समधून लॅबचं भिंग काढलं. ती पाच मिनिटं हललीच नाही. गोऱ्या चित्रकाराने काम अफाट केलं होतं. पापणीचा केस न् केस वेगळा, मोत्यामोत्यावर प्रकाशाचा एकेक ठिपका. पण पोराच्या चेहऱ्याला त्याने रंग जवळजवळ लावलाच नव्हता. हस्तिदंताचा दुधाळ पांढरेपणा तसाच सोडून गालावर जराशी गुलाबी झाक. तेव्हाच्या चित्रकारांची ती आवडती युक्ती, कारण विलायती राजघराण्यातल्या बाळांचे गाल हस्तिदंतावर आयतेच खुलायचे. मग यशोधराचं भिंग पगडीखाली सरकलं. पगडीच्या काठाखालून मुलाचा कान दिसत होता. तो कान तपकिरी होता. छान, दाट, खराखुरा तपकिरी.

"प्रेमानंद, हे पाहा," ती म्हणाली. "यानं कान आधी रंगवला. मंग त्याला कोणीतरी येऊन सांगितलं."

"काय सांगितलं?"

"काय सांगतात? पोराला गोरा कर म्हणून."

प्रेमानंदने शोव्हल खांद्यावर घेतलं. "दीडशे वर्षं झाली असतील, यशू. तू काहून तापून राहिली?"

पण ती तापली होतीच. त्या मुलाला कोणीतरी घरातल्याच माणसाने पुसलं होतं, आणि चित्र पाहणाऱ्या पाच-सहा पिढ्यांना ते कळलंही नव्हतं. त्याच महिन्यात तिने गॅरेजमध्ये लहान भट्टी आणली आणि पोर्सेलीनच्या अंड्याएवढ्या चकत्या मागवल्या. मंडळातली पोरं ती एकेक करून रंगवू लागली, अगदी राजपुत्रांच्या ऐटीत, तशाच लंबगोल चौकटीत. पण अंगात स्नो जॅकेट, हातात हॉकी स्टिक, एकाच्या मांडीवर सरड्याची बरणी. आणि रंग ज्याचा त्याचा. पोर्सेलीनवरचा रंग एकदा भट्टीतून निघाला की पक्का. मग तो पाण्याने जात नाही, तेलाने जात नाही, पश्चात्तापानेही जात नाही. तिला तेच हवं होतं.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला मंडळाने लायब्ररीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं, त्यात तिची अकरा चित्रं होती. तिथे गौरांगी आली. जवळच्याच कोक्विटलामला राहणारी, पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, पस्तिशीतली सावळी बाई. मैत्रिणीबरोबर सहज आलेली. ती अकराही चित्रांसमोरून दोनदा फिरली, आणि आठवड्याभरात तिच्या नवऱ्याचा, पुष्करचा, फोन आला.

पुष्करला दोन मुलं. ईशानी आठ वर्षांची, शौनक सहाचा. त्याच्या आईला, अरुणाबाईंना, ऑगस्टमध्ये पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. अमृतमहोत्सव सरेच्या बँक्वेट हॉलमध्ये, दोनशे माणसं. नातवंडांची राजेशाही लघुचित्रं आईला भेट द्यायची, अशी त्याची कल्पना.

"आमच्या पणजोबांचे मामा एका संस्थानात कारभारी होते," तो म्हणाला. "सो इट्स काइंड ऑफ इन द फॅमिली. एकदम ऑथेंटिक हवंय, ताई. पगडी, मोती, सगळं."

यशोधराला हसू आलं. कारभाऱ्याच्या भाच्याच्या खापरपणतवंडांना मोती चढवायला तिची ना नव्हती. तिने एकच अट घातली: फोटोवरून काढणार नाही, मुलं समोर बसली पाहिजेत.

चार शनिवार ती कोक्विटलामच्या टेकडीवरल्या त्या मोठ्या घरी गेली. शौनक म्हणजे नुसता पारा. त्याला बसवायला गौरांगी टॅबलेटवर डायनॉसोर लावून द्यायची. तो आजीच्या वळणावर, गहूवर्णी, घाऱ्या डोळ्यांचा. ईशानी मात्र जरीच्या परकर-पोलक्यात, दाबाची नथ लावून, मूर्तीसारखी बसायची. समोरचा एक दात पडलेला म्हणून तोंड घट्ट मिटलेलं. रंगाने ती आईहूनही सावळी होती. कपाळ आणि गालाची हाडं उजेडात अशी चमकायची, की यशोधराला पहिल्याच दिवशी कळलं, हे चित्र आपल्या हातून आजवरचं सगळ्यात चांगलं होणार.

भट्टीत रंग बदलतात, म्हणून ती प्रत्येक मुलासाठी आधी छोट्या चकत्यांवर सहा-सात छटा भाजून आणायची आणि मुलाच्या मनगटाशी लावून बघायची. तिसऱ्या शनिवारी तिने दोघांच्या चकत्या टेबलावर मांडल्या. ईशानीने आपल्या चकत्या बाजूला सारल्या, शौनकच्या ढिगातली सगळ्यात फिकी उचलली आणि स्वतःच्या गालाला लावली.

"धिस वन," ती म्हणाली.

"ती शौनकची आहे, बेटा. तुझी ही. पाहा, कशी बरोबर जुळली."

"आय नो," ईशानी म्हणाली. तिच्या आवाजात रडं नव्हतं, हट्टही नव्हता. आइस्क्रीमचा फ्लेवर सांगावा तसं ती इंग्रजीत म्हणाली, की बाबाने आईला सांगितलंय, दोघांचा सेम ठेवायला सांग. आणि तिलाही चालेल.

यशोधराने मान वर केली. गौरांगी दारात कॉफीचे मग घेऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. ती कॉफी ठेवून निघून गेली.

यशोधरा खुर्चीतून अर्धी उठली. पण समोर पोरगी होती, म्हणून तिने ब्रश पाण्यात बुडवला आणि इतकंच म्हणाली, "मी जे दिसते तेच काढते." त्या दिवशी तिने उरलेला सगळा वेळ ईशानीच्या डोळ्यांवर काम केलं, कारण बोलली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

जूनच्या शेवटी पाच-पाच वेळा भट्टीतून काढलेली दोन्ही चित्रं मखमलीच्या डब्यांत घालून ती देऊन यायला गेली. प्रेमानंद गाडीतच थांबला. पुष्करने शौनकचा डबा उघडला आणि शिट्टी वाजवली. "झकास! क्या बात है." मग ईशानीचा उघडला. खिडकीपाशी गेला, परत आला.

"काम सुपर्ब आहे, ताई. फक्त... रंग थोडा जास्त झालाय का?"

"जास्त म्हणजे?"

"म्हणजे इतकी नाहीये ना ती. लाइटिंगमुळे असेल. जरा उजळ करा ना, ताई. एक-दोन शेड."

"चार शनिवार ती माझ्यासमोर बसली, मनगटाला लावून पाहिलं आहे. जेवढी आहे तेवढीच आहे."

गौरांगी सोफ्याच्या कडेला बसली होती. दोघांच्याही तोंडाकडे न पाहता ती डब्याच्या मखमलीवरून बोट फिरवत होती.

पुष्कर समजुतीच्या सुरात आला. "हे बघा, मी काही तसला माणूस नाही. मला स्वतःला काही फरक पडत नाही. पण दोनशे लोक येणार. आपल्याच बायका, 'शौनक किती छान, ही कोणावर गेली' असं तिच्या तोंडावर बोलतात. आय वॉन्ट टू प्रोटेक्ट हर. शिवाय ऑथेंटिक म्हणाल तर त्या काळचे पेंटर राजघराण्यातल्या मुलांना उजळच दाखवायचे. मी रिसर्च केलाय."

"दाखवायचे ना," यशोधरा म्हणाली. तिचा आवाज अजून खाली होता, आणि तिला ओळखणाऱ्या माणसाने एव्हाना खुर्ची मागे सरकवली असती. "मी पाहिला आहे तसला एक राजपुत्र. चेहरा दुधासारखा अन् कान तपकिरी. त्याच्याही बापाला कोणापासून तरी प्रोटेक्टच करायचं असेल. बायका बोलतात म्हणता, तर बायकांचं तोंड धरा. पोरीचं काहून पुसता?"

"पुसायचं कोण म्हणतंय? तुम्ही ओव्हररिॲक्ट करताय. तुमच्या लोकांना प्रत्येक गोष्टीत लगेच..."

तो थांबला. पण शब्द बाहेर पडला होता.

"माझ्या लोकांना म्हणजे कोणाला?" यशोधराने विचारलं.

"आर्टिस्ट लोकांना, म्हणजे."

"नाही. ते नव्हते तुम्ही म्हणत."

मग मात्र तिचा बांध फुटला. ती काय काय बोलली ते तिला स्वतःला नंतर धड आठवेना. तिने त्याच्या पणजोबांच्या कारभारी मामाचा उद्धार केला, त्याच्या रिसर्चचा केला. म्हणाली की आठ वर्षांची पोरगी स्वतःच्या गालाला भावाचा रंग लावून पाहते, ते तुम्ही शिकवलं, आणि असल्या प्रोटेक्शनपेक्षा बर्फात उघडी सोडली असती तरी बरं. पुष्करचा चेहरा लाल झाला. "दिस इज माय हाऊस," तो म्हणाला. यशोधराने ईशानीचा डबा उचलला आणि दाराकडे निघाली.

जिन्यावर ईशानी उभी होती. "इज दॅट मी?" तिने विचारलं.

यशोधराने डबा उघडून तिच्यापुढे धरला. ईशानीने नाक जवळ नेऊन पाहिलं, खूप वेळ. नथ पाहिली, मिटलेलं तोंड पाहिलं. मग हात पुढे केला. "कॅन आय कीप इट?"

म्हणून ती चित्र तिथे ठेवून आली. नाहीतर आणणारच होती.

गाडीत प्रेमानंद म्हणाला, "झालं ना काम? मंग आता थंडी हो."

"थंडी होऊ? त्या माणसानं मला 'तुमचे लोक' म्हटलं."

प्रेमानंदचे हात स्टिअरिंगवर आवळले. सिग्नल हिरवा झाला तरी तो क्षणभर निघाला नाही. मागून हॉर्न वाजला. "मंग नको होऊ थंडी," तो म्हणाला आणि गिअर टाकला.

जुलै असाच गेला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गौरांगीचा मेसेज आला: रविवारी फंक्शनला दोघंही नक्की या, मला तुम्ही यायला हव्या आहात. जावं की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी यशोधराला वाटलं की बाईला काही सांगायचं असेल, पुष्करचं मनही बदललं असेल. तिने निळी नागपुरी साडी नेसली आणि गेली.

हॉलच्या दारातच ती थांबली. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे दोन छापील स्टँडी उभे होते. डावीकडे शौनक, तिचाच, बिंदू न् बिंदू. उजवीकडे ईशानी. नथ तीच, जरीचे काठ तेच, मिटलेलं तोंड तेच. पण चेहरा पिठूळ पांढरा, गालावर गुलाबी झाक. स्कॅन करून कॉम्प्युटरवर उजळलेला. खाली सोनेरी अक्षरांत: 'चित्रकार: यशोधरा खोब्रागडे'.

"बाप रे," प्रेमानंद पुटपुटला.

ती तडक वॉशरूममध्ये गेली, तोंडावर पाणी मारायला. तिथे गौरांगी आरशासमोर उभी होती, पैठणीत, डोळ्यांखाली नीट मेकअप केलेली.

"हे पाहायला बोलावलं मला?" यशोधराने विचारलं.

"तुमचंच चित्र लागणार म्हणून बोलावलं होतं. हे मला सकाळीच कळलं. खरंच. ओरिजिनल घरी ईशानीच्या ड्रॉवरमध्ये आहे."

"अन् त्या दिवशी तुम्ही गप्प बसल्या. पोरगी तुमची, रंग तुमचा, अन् तुम्ही मखमल चोळत बसल्या."

गौरांगीने नळ बंद केला. "माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी अशीच आहे, ताई. बाहेरच्या स्टँडीसारखी. दीडशे फोटो. ईशानीने मला एकदा विचारलं होतं, बाबाने आधी कोणाशी लग्न केलं होतं?" ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "तेव्हा नाही बोलले. मग सवय झाली."

यशोधराला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण त्याहून जास्त तिला त्या सवयीचा राग आला, आणि तो राग घेऊनच ती हॉलमध्ये येऊन बसली.

आरती झाली, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं झालं. अरुणाबाई स्टेजवर खुर्चीत, ताठ, गोऱ्या, हसतमुख. पहिल्या रांगेत ईशानी आणि शौनक. निवेदकाने माईकवर जाहीर केलं, "आणि आता या अप्रतिम राजेशाही चित्रांच्या चित्रकार, आपल्या सरेच्याच यशोधराताई यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार!"

टाळ्या वाजल्या. पुष्करचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हे त्याने ठरवलेलं नव्हतं, निवेदकाने उत्साहाच्या भरात केलं होतं. प्रेमानंदने तिचा पदर धरला. तिने तो सोडवला.

स्टेजवर तिने शाल घेतली नाही. माईक घेतला.

"बाहेर उजवीकडे जे चित्र आहे ते माझं नाही," ती म्हणाली. "मी त्या मुलीला जशी आहे तशी काढली होती. सावळी. तिच्या बापाला ती चालली नाही. त्यानं तिला पांढरी केली अन् खाली माझं नाव टाकलं. माझं नाव खोडा. अन् तुमच्यापैकी ज्या ज्या बायका त्या पोरीच्या तोंडावर 'ही कोणावर गेली' म्हणतात, त्यांनी आज जेवायच्या आधी स्वतःचं तोंड धुवा."

दोनशे माणसं पाहत होती. पण ती यशोधराकडे पाहत नव्हती, पुष्करकडेही नव्हती. एकेक मान वळत गेली आणि पहिल्या रांगेवर स्थिरावली. दोनशे माणसं ईशानीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. बाहेरच्या चित्राशी मनातल्या मनात ताडून, किती फरक आहे ते मोजत होती.

ईशानीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठून, परकर सावरत, मधल्या वाटेने पळत सुटली. गौरांगी तिच्यामागे.

यशोधराने माईक निवेदकाच्या हातात दिला. जे बोलली त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. आणि तरी तिला कळलं, आत्ता या क्षणी या पोरीला पुष्करने नाही, आपण उघडं केलं.

पुढच्या आठवड्यात तिथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. 'शुभकार्यात विघ्न.' 'यांना सगळीकडे तेच दिसतं.' कोणीतरी, नाव न घेता, 'शेवटी संस्कार' असंही लिहिलं. प्रेमानंद त्या मराठी ग्रुपवर अकरा वर्षं होता, सगळ्यांना विंटर टायर्स कधी बदलायचे ते सांगायचा, कित्येकांच्या गाड्या त्याने ड्राइव्हवेमध्ये येऊन नुसत्या चहावर दुरुस्त केल्या होत्या. त्याने एक ओळ लिहिली, "ज्यांच्या गाड्या मी उघडल्या त्यांनी आज तोंडं उघडली, आभारी आहे," आणि ग्रुप सोडला. आयुष्यात पहिल्यांदाच यशोधराने त्याला टेबलावर मूठ आपटताना पाहिलं.

सप्टेंबरच्या एका शनिवारी दुपारी गौरांगीची गाडी दारात थांबली. मागच्या सीटवर ईशानी, हाताची घडी घालून. गौरांगी म्हणाली, "तिलाच यायचं होतं. ती तुमच्यावर खूप चिडलीय. मी म्हटलं, जाऊन सांग."

ईशानी गॅरेजमध्ये येऊन उभी राहिली. बसली नाही. तिने सगळं इंग्रजीत सांगितलं, एका दमात, जणू पाठ करून आली होती. तू मला विचारलं नाहीस. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतला एक मुलगा तिथे होता, त्याने शाळा उघडल्यावर सगळ्यांना सांगितलं. तू बाबापेक्षा वाईट आहेस, कारण बाबाने काय करणार ते निदान मला आधी सांगितलं होतं.

शेवटचं वाक्य यशोधराला भाजलेल्या चकतीला चुकून हात लागावा तसं लागलं. तोंडाशी दहा उत्तरं आली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सॉरी, ईशानी."

"नो." ईशानीने मान हलवली. "यू सेड इट इन द माईक. से सॉरी इन द माईक."

गौरांगी घाईने म्हणाली, "ईशू, असं नाही बोलायचं." पण यशोधरा त्या पोरीकडे बघतच राहिली. चिडलेली, समोरच्या फटीत नवा दात अर्धा आलेला, बोट रोखून उभी. तिला वाटलं, हा राग ओळखीचा आहे आणि अगदी बरोबर जागी आहे.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माईकमध्ये."

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम कम्युनिटी सेंटरमध्ये होता. वंदना झाली, भाषणं झाली. यशोधराने माईक मागितला. दीडशे माणसं होती, आणि तिसऱ्या रांगेत गौरांगी आणि ईशानी. ती इंग्रजीत बोलली, म्हणजे ज्याला कळायला हवं त्याला कळेल. तिने सांगितलं की ऑगस्टमध्ये तिने एका मुलीच्या चेहऱ्याबद्दल दोनशे लोकांपुढे भाषण केलं. चित्राबद्दल ती जे बोलली ते ती आजही बोलेल. पण चेहरा त्या मुलीचा होता आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. आधी बापाने विचारलं नाही, मग चित्रकाराने. "आय ॲम सॉरी, ईशानी," ती म्हणाली. रांगेत कोणी वळून पाहिलं नाही, कारण ईशानी कोण हे तिने दाखवलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी ईशानी ताट घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. "ओके," एवढंच म्हणाली आणि पुरणपोळी खाऊ लागली.

गौरांगीने सांगितलं, की चित्र आता ईशानीच्या खोलीत भिंतीवर आहे. तिने स्वतः खिळा ठोकून घेतला. अरुणाबाईंनी एकदा ते मागून घेतलं, दिव्याखाली धरून खूप वेळ पाहिलं आणि "नाक माझं आहे" एवढंच म्हणून परत दिलं. आणि गौरांगीने लग्नाचा अल्बम खोक्यात घालून बेसमेंटमध्ये ठेवलाय. पुष्करने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

पुष्कर त्यांना न्यायला आला होता. तो मागच्या दारापाशी उभा होता, कार्यक्रम संपायच्या बऱ्याच आधीपासून, जॅकेट अंगातच. सगळं ऐकलं असणार. निघताना तो यशोधरापाशी आला, क्षणभर घुटमळला. "थँक्स, ताई. तिला बरं वाटलं. मोठं मन लागतं याला."

यशोधराने हातातलं ताट खाली ठेवलं.

"मी मागितली माफी," ती म्हणाली. "तुम्ही कधी मागता?"

पुष्करने खुर्चीवरचं ईशानीचं जॅकेट उचललं, तिला चढवायला गेला. ईशानीने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. तिघं पार्किंगकडे चालत गेले, पोरगी पुढे.

"आता तरी झाली का थंडी?" प्रेमानंदने विचारलं.

"नाही," यशोधरा म्हणाली. "त्या माणसावरचा राग गेला नाही. जाणारही नाही." आणि ती भांडी घासायला आत गेली, कारण मंडळात आज भांड्यांची पाळी तिची होती.